बाळाचे बाळोते काय सांगते?

आपल्यापैकी पुष्कळ जणी लेकीच्या बाळंतपणासाठी मुंबईला जाऊन येतात. पहिले बाळंतपण माहेरी, ही आपली रीत खरी. पण आता मुली नोकऱ्या करतात, दवाखान्यात नाव तिकडेच नोंदवलेले असते, आणि मग लेक माहेरी येण्याऐवजी आईच लेकीकडे जाते. आळीव, डिंक, सुंठ आणि जुन्या मऊ लुगड्यांची फाडलेली बाळोती असे गाठोडे घेऊन ती एस.टी.त बसते.

यंदाच्या पावसाळ्यात अशाच एक मावशी ओतूरहून घाटकोपरला आल्या. असल्फ्याच्या टेकडीवरच्या आमच्या चाळीत त्यांची लेक राहते, माझ्या खोलीपासून चौथ्या दाराशी. मी प्रसूतिगृहात परिचारिका म्हणून बरीच वर्षे काढली, आता निवृत्त आहे. पण चाळीत अजून ‘सिस्टर’च म्हणतात. मुलगी झाली. राजावाडीतून तिसऱ्या दिवशी घरी आणली. चौथ्या दिवशी पहाटे, अजून नळाला पाणीही आले नव्हते, तेव्हा मावशींनी माझे दार वाजवले. हातात घडी घातलेला लंगोट.

“सिस्टर, बघा हो. पोरीच्या लंगोटाला रगत लागलंय.”

मी दिव्याखाली धरून पाहिले. विटेची ओली भुकटी लागावी तसा नारिंगी-तांबूस डाग होता. हे रक्त नव्हे. पहिल्या दोन-तीन दिवसांत आईचे दूध थोडे असते, बाळाची लघवी कमी आणि दाट असते, त्यातले क्षार कापडावर असे उतरतात. दूध उतरले, पोटभर मिळू लागले की डाग आपोआप बंद होतात. मात्र चौथा-पाचवा दिवस उलटूनही ते दिसत राहिले, तर बाळाला दूध पुरत नाही असे समजायचे. मी मावशींना विचारले, “रात्रीतून किती वेळा पाजलं?” तर पोर शहाणी, रात्रभर झोपली, म्हणून कोणी उठवलेच नव्हते. चार दिवसांच्या बाळाचे ते शहाणपण नव्हे. दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजायला हवे. झोपले असेल तर तळपायाला गुदगुल्या करून, कुंची सोडून जागे करायचे. त्या दिवशी दर दोन-अडीच तासांनी पाजले आणि दुसऱ्या संध्याकाळपर्यंत डाग गेले.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट दिसते, तीही सांगून ठेवते. पहिल्या आठवड्यात शूच्या जागेतून पांढरट चिकट पाणी, कधी रक्ताचा एखादा थेंब येतो. आईच्या अंगातली द्रव्ये पोटात असताना बाळाला मिळत होती, ती आता तुटली, म्हणून असे होते. दोन-चार दिवसांत थांबते. त्यावर काही औषध नको. शी पुसताना मात्र मुलीला पुढून मागे पुसावे, उलटे नव्हे.

आता शीकडे वळू. पहिली शी काळीकुट्ट, हिरव्या झाकेची, डांबरासारखी चिकट असते. पोटात असताना बाळाने गिळलेले पाणी, आतड्याच्या पेशी, पित्त असे सगळे त्यात साठलेले असते. ही शी चोवीस तासांच्या आत व्हावी. तेवढ्यात झाली नाही तर दवाखाना सोडण्याआधी डॉक्टरांना तोंडाने सांगावे, ‘होईल हो’ म्हणून बसू नये; आतड्याचा काही जन्मजात दोष असला तर त्याची पहिली खूण हीच असते. पोट फुगले आणि हिरवी उलटी झाली, तर एक तासही थांबायचे नाही.

मावशींना हे सांगायला फार लागले नाही. त्या म्हणाल्या, “वासराचं पहिलं शेण नाही का, तसंच. चीक पोटात गेला की सुटतं.” अगदी बरोबर! आईच्या पहिल्या चिकानेच बाळाचे पोट मोकळे होते. मला नवल वाटते ते याचे, की गाय व्याली तर वासराला चीक पाजायला गोठ्यात धावणारी आपली माणसे, सून बाळंत झाली की तिचा चीक पिळून टाकायला सांगतात. वासराला जे कळते ते नातवाला का नाही? काळी शी आत राहिली तर कावीळही वाढते. म्हणून तासाभराच्या आत पाजायला घ्यावे.

तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून रंग पालटतो. आधी हिरवट तपकिरी, मग हिरवट पिवळा, आणि पाचव्या दिवसाच्या सुमारास हळदीसारखा पिवळा. पातळ, आणि त्यात मोहरीएवढे पांढरट कण. हे कण म्हणजे दुधाचे दही. वास उग्र नसतो, किंचित आंबूस असतो. अंगावर पिणारे मूल पहिल्या महिन्यात दर पाजण्यामागे शी करील, दिवसाला आठ-दहा वेळाही करील. यालाच घरोघर ‘पोराला हगवण लागली’ म्हणतात. आमच्या चाळीतही शेजारणींनी तेच म्हटले. एकीने आईचे तूप बंद करायला सांगितले, दुसरीने आळिवाची खीर. मावशींनी दोन्ही ऐकून घेतले आणि मला विचारायला आल्या, हे त्यांचे शहाणपण. बाळ नीट ओढते आहे, अंगाने भरते आहे, लघवी भरपूर आहे, मग शी कितीही वेळा होवो, ती हगवण नव्हे. हगवण ओळखायची ती फरकावरून: एकाएकी पाण्यासारखी, नेहमीपेक्षा पुष्कळ, घाण वासाची, शेंबडासारखी किंवा रक्ताची, आणि बाळ मलूल. अशा वेळी दूध चालू ठेवून दवाखाना गाठावा. आईचे दूध बंद करणे हा कोणत्याच हगवणीवर उपाय नाही.

हिरव्या शीचेही असेच. अधूनमधून हिरवी झाली म्हणून सर्दी बाधली, आईने आंबट खाल्ले, नजर लागली, असे काही नसते. डब्याचे दूध घेणाऱ्या बाळाची शी घट्टसर आणि तपकिरी छटेची असते, तेही चालते.

आणि याच्या उलट. महिना-दीड महिना झाला की तेच मूल दोन दिवस, चार दिवस, कधी आठवडाभर शीच करीत नाही. आईचे दूध इतके जिरते की मागे फारसे काही उरत नाही. शेवटी झाली तेव्हा मऊ असेल, पोट मऊ असेल, तर काळजी नाही. मात्र हे दीड महिन्यानंतरचे. पहिल्या तीन-चार आठवड्यांत शी अगदी कमी होत असेल तर आधी दूध पुरते का ते पाहायला हवे. तसेच मूल शी करताना लाल होते, कण्हते, पाय पोटाशी घेते, आणि मग होते ती मऊच. त्याला जोर कुठे लावायचा आणि कुठे सोडायचा हे अजून जमत नाही, एवढेच. यासाठी एरंडेलात बुडवलेला विड्याच्या पानाचा देठ किंवा साबणाची कांडी लावू नका. कातडी चिरते, साबणाने आतून जळजळ होते, आणि मूल आपण होऊन शिकायचे तेही लांबते.

गुटीबद्दल लिहिले की रागाची पत्रे येतात, तरी लिहिते. वेखंड, मुरडशेंग, हिरडा, जायफळ ही आपल्या आज्यांनी जपलेली औषधे आहेत, त्यांचा मी अनादर करीत नाही. पण दोन आठवड्यांच्या बाळाला सहाणेवर उगाळून, पाण्यात कालवून, बोटाने चाटवताना सहाण, पाणी आणि बोट तिन्ही स्वच्छ असतात का? आणि मधाने तर लहान बाळाला एक दुर्मीळ पण जिवावरचा आजार होतो. वर्षाच्या आत मध अजिबात नको. सहा महिने आईचे दूध, वर पाण्याचा घोटही नको. हे मी माझे सांगत नाही; सरकारी दवाखान्यात आणि अंगणवाडीतही हेच सांगतात. मावशी यावर काही बोलल्या नाहीत. गाठोड्यातली गुटीची पुरचुंडी त्यांनी फडताळात वर ठेवून दिली.

लघवीचा हिशोब सोपा आहे. पहिल्या दिवशी निदान एकदा, दुसऱ्या दिवशी दोनदा, तिसऱ्या दिवशी तीनदा, असे चढत जाऊन सहाव्या दिवसापासून रोज सहा किंवा अधिक ओली बाळोती व्हायला हवीत. लघवी पाण्यासारखी असावी, कापड वाळल्यावर पिवळा डाग राहू नये. घरात दूध मोजायला माप नाही, पण किती गेले ते कापड सांगते. मावशींना लिहायचा कंटाळा. त्यांनी कोनाड्यात एक वाटी ठेवली आणि दर ओल्या लंगोटाला एक हरभरा टाकू लागल्या. संध्याकाळी दिवा लावताना हरभरे मोजायचे आणि वाटी रिकामी करायची.

इथे आई-लेकीचे थोडे वाजले. लेकीने विकतचे डायपर आणले होते. जुलैच्या पावसात मुंबईत बाळोती वाळतात कुठे! गॅलरीत, पंख्याखाली, दाराच्या कडीला सगळीकडे फडकी, तरी ओलीच. लेकीचे म्हणणे खोटे नव्हते. पण डायपरमध्ये लघवी शोषून घेणारी भुकटी असते. हाताला कोरडे लागते आणि बाळाने दोनदा केली की पाचदा, ते कळत नाही. शेवटी ठरले ते असे, की पहिले पंधरा दिवस दिवसा लंगोट, रात्री डायपर. निव्वळ डायपरच वापरायचे असेल, तर एका कोऱ्या डायपरवर तीन मोठे चमचे पाणी ओतून तो हातात तोलून पाहावा. बाळाने एकदा लघवी केली की साधारण तेवढे वजन होते.

हे सगळे नेहमीचे. यातले निम्मे तुम्हाला ठाऊकही असेल. आज लेखणी हाती घेतली ती एका वेगळ्या रंगासाठी.

नोकरीत असताना एक बाळ मी पाहिले होते, ते अजून डोळ्यांपुढून जात नाही. आई लस टोचून घ्यायला घेऊन आली होती. अडीच महिने पुरे झालेले, गुटगुटीत, हसरे. डोळे मात्र पिवळे. बरोबर आजी होती. मी शीचा रंग विचारला. आजी कौतुकाने म्हणाली, “फार गुणी बाळ आहे. बाळोत्याला डागच पडत नाही. नुसतं पाण्यातून काढलं की पांढरं शुभ्र!” पिशवीतून तिने एक लंगोट काढून दाखवला. त्यावरची शी शाडूच्या मातीसारखी होती. लघवीचा डाग मात्र गर्द पिवळा. दीड महिन्यापासून हे असेच चालले होते. कावीळ जन्मापासूनची, कोवळ्या उन्हात धरतो, जाईल, असे सगळे म्हणत होते. मूल खातपीत होते, वजन वाढत होते, मग शंका तरी कोणाला यावी?

शीला पिवळा-हिरवा रंग येतो तो पित्ताने. पित्त यकृतात तयार होते आणि बारीक नळ्यांनी आतड्यात उतरते. लाखो बाळांत काही थोडी, दहा-वीस हजारांत एखादे, असे असते की जन्मानंतर त्याच्या या नळ्या बुजत जातात. विहिरीला पाणी आहे, पण पाट बुजला, तर पिकापर्यंत पोचणार कसे? शी पांढरी पडते. आणि तुंबलेले पाणी बांध फोडून भलतीकडे शिरावे तसे पित्त रक्तात चढते, डोळे पिवळे होतात, लघवी गर्द होते. तुंबलेल्या पित्ताने यकृत आतून कडक होत जाते.

यावर शस्त्रक्रिया आहे. जपानमधले शल्यविशारद मोरिओ कासाई यांनी १९५० च्या दशकात ती शोधून काढली. बुजलेल्या नळ्या काढून आतड्याचा वेटोळा थेट यकृताला जोडतात, म्हणजे पित्ताला नवा पाट मिळतो. पण ती वेळेवर व्हावी लागते. साठ दिवसांच्या आत झाली तर यश येण्याची शक्यता चांगली, पुढे प्रत्येक आठवड्याला ती घटत जाते. त्या बाळाला आम्ही त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात पाठवले. तपासण्या होऊन शस्त्रक्रिया झाली तोवर त्याला शंभर दिवस होऊन गेले होते. नवा पाट वाहिला नाही. मूल दुसरा वाढदिवस पाहू शकले नाही. यकृत बदलण्याची शस्त्रक्रिया आज मुंबईत होते, आई किंवा बाप आपल्या यकृताचा तुकडा देतात, पण ती वाट लांबची आणि खर्चाची.

त्या आजीला नंतर मी एकदा भेटले. ती एवढेच म्हणाली, “रोज माझ्याच हातानं धूत होते हो.”

तैवान देशात २००४ पासून प्रत्येक बाळंतिणीला शीच्या रंगांचे चित्र असलेले कार्ड देतात. घरी कापडाशी ताडून पाहायचे आणि रंग फिकट वाटला तर कळवायचे. त्यामुळे अशी बाळे लवकर सापडू लागली. जपाननेही २०१२ पासून माता-बालकाच्या पुस्तिकेतच ते चित्र घातले. आपल्या घरात कार्ड नसले तरी रंग आहेत. हळद, मोहरी, हिरवे मूग, यांपैकी कोणताही रंग असेल तर निश्चिंत असा. शाडू, कणीक, लोणी, राख यांच्यासारखा रंग दिसला तर नाही. पिवळ्या शीत पांढरे कण असणे वेगळे आणि सबंध शीच पांढुरकी असणे वेगळे, हे मात्र नीट ध्यानात घ्या. रंग दिवसाच्या उजेडात पाहा. पिवळ्या दिव्याखाली पांढरेही पिवळे दिसते. एकदा दिसली तर ते कापड तसेच पिशवीत घालून डॉक्टरांकडे घेऊन जा, धुऊ नका. हल्ली घरोघरी मोबाईल आहे, त्यावर फोटो काढला तरी चालेल.

कावीळ पुष्कळ बाळांना होते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसते आणि दोन आठवड्यांत ओसरते. पहिल्याच दिवशी दिसली, किंवा तळहात-तळपाय पिवळे झाले, तर लगेच दवाखाना. आणि चौदा दिवसांनंतरही डोळे पिवळे असतील, तर शीचा रंग कसाही असो, रक्त तपासून घ्या. बिलिरुबिन दोन प्रकारचे असते. त्यातले ‘डायरेक्ट’ किती ते मुद्दाम विचारा. उन्हात धरून ही दुसरी कावीळ जात नाही, त्यात दिवस तेवढे जातात.

आणखी दोन रंग राहिले. काळी शी संपून पिवळी सुरू झाल्यावर पुन्हा काळी झाली, किंवा लाल रक्त दिसले, तर दाखवावे. कधी आईच्या स्तनाला पडलेल्या भेगेतले रक्त दुधाबरोबर पोटात गेलेले असते आणि काहीच निघत नाही, पण ते डॉक्टरांनी ठरवायचे. जन्मल्यावर बाळाला ‘व्हिटॅमिन के’चे इंजेक्शन देतात ते अशा रक्तस्रावासाठीच. दिले की नाही ते घरी सोडतानाच्या कागदावर पाहून घ्या.

गावाकडे हे सारे विचारायला माणूस आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने खेड्यातल्या बायांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली, बाळे वाचवून दाखवली. तीच रीत पुढे सरकारने २०११ मध्ये देशभर घेतली. म्हणून दवाखान्यात बाळंत झालेल्या सुनेकडे आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी यायला हव्यात. त्या आल्या की चहा द्याच, पण बाळोतेही दाखवा. घरात लाजण्यासारखे त्यात काही नाही. आजारी बाळाला वर्षाचे होईपर्यंत सरकारी दवाखान्यात उपचार मोफत आहेत, नेण्या-आणण्याची गाडीही. रात्री-अपरात्री १०८ ला फोन करा.

मावशी सव्वा महिना राहून परवा ओतूरला परतल्या; सोयाबीनची खुरपणी खोळंबली होती. जाताना माझ्याकडे डोकावल्या. म्हणाल्या, “पोरगी चांगली भरलीय. काल नऊ हरभरे निघाले.” संध्याकाळी मी पाहायला गेले तर कोनाड्यातली वाटी लेकीने उचलून पाळण्याजवळच्या स्टुलावर ठेवली होती. त्यात पाच हरभरे होते आणि बाहेर गॅलरीत पाच लंगोट वाळत होते.